देवाला ओळखणे : बायबलमधील एका शब्दाचा इतिहास

दिवसभर औत ओढून दमलेला बैल संध्याकाळी गावात शिरला, की कुणी न हाकताही तो आपल्या गोठ्याकडे वळतो. वाटेत दहा गोठे असले तरी दुसऱ्याच्या दावणीला तो जात नाही. धन्याच्या पायांचा आवाज त्याला कळतो, आपली गव्हाण कोणती तेही कळते. हे कुठल्या शाळेत त्याला शिकवलेले नसते. ज्या हाताने चारा घातला तो हात त्याने ओळखलेला असतो, एवढेच.

या साध्या गोष्टीचा दृष्टांत सुमारे सत्तावीसशे वर्षांपूर्वी यरुशलेम शहरातल्या एका माणसाने दिला. त्याचे नाव यशया. तो यहुदी लोकांच्या संदेष्ट्यांपैकी, म्हणजे देवाच्या नावाने राजाला आणि प्रजेला चार खडे बोल सुनावणाऱ्यांपैकी एक होता. त्याच्या बोलण्याचा आशय असा, की बैलागाढवांपाशी जेवढी समज आहे तेवढीही या लोकांपाशी उरलेली नाही. आपला धनी कोण हेच त्यांना उमगत नाही. आता गंमत अशी, की ज्यांना तो हे म्हणत होता ते लोक काही नास्तिक नव्हते. मंदिरात त्यांची गर्दी होती. यज्ञ चालले होते, सण पाळले जात होते, प्रार्थना म्हटल्या जात होत्या. मग यांना देव कळत नाही असे यशया का म्हणाला? देवाला ओळखणे म्हणजे तरी नेमके काय?

या प्रश्नाला बायबलमध्ये उत्तर आहे. पण ते व्याख्येच्या रूपाने फारसे येत नाही. ते राजांच्या, याजकांच्या आणि मजुरांच्या इतिहासातून येते. तो इतिहास आज थोडक्यात पाहू.

आधी शब्दाकडे वळू. बायबलचा पहिला आणि मोठा भाग, ज्याला ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात, तो बहुतेक सगळा हिब्रू भाषेत आहे. जाणण्यासाठी त्या भाषेत ‘यादा’ हा धातू येतो. आपण जाणणे म्हटले की डोक्यातली माहिती आठवते. हिब्रू माणसाला एवढ्याने भागत नसे. दुखणे भोगून कळते, त्यालाही तो ‘यादा’ म्हणे. एखादे काम हाताला साधले, त्यालाही तोच शब्द. पतिपत्नींच्या एकांतातल्या जवळिकीलाही बायबलमध्ये हाच शब्द वापरला आहे. म्हणजे दुरून पाहून मिळालेली माहिती त्या शब्दात फार थोडी. सहवास, अनुभव आणि नाते यांचा भाग मोठा.

या शब्दाला आणखी एक बाजू आहे, ती राजदरबारातली. इजिप्त देशात तेल-एल-अमार्ना या ठिकाणी १८८७ मध्ये मातीच्या भाजलेल्या विटांसारख्या पाट्या सापडल्या. ती इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातली दरबारी पत्रे आहेत. त्यांत अमुरू या प्रदेशाचा अब्दी-अशिर्ता नावाचा एक मांडलिक इजिप्तच्या राजाला, आपणांस महाराजांनी ‘जाणावे’, अशी विनवणी करतो. राजाला तो कोण हे माहीत नव्हते असे नव्हे. मला आपला माना, माझ्यावर आपली छाया असू द्या, मी आपल्याशी बांधलेला आहे, असे त्याला म्हणायचे होते. जुन्या पश्चिम आशियातल्या तहनाम्यांतही या शब्दाचा असाच उपयोग दिसतो. जाणणे म्हणजे नाते मान्य करणे आणि त्या नात्याने येणारी जबाबदारी उचलणे.

मराठी माणसाला हे समजायला फार प्रयास पडू नयेत. आपल्याकडे ‘ओळख’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. शहरात जाऊन मोठा झालेला मुलगा गावच्या माणसाला ओळख दाखवत नाही, असे आपण म्हणतो. चेहरा त्याने ओळखलेला असतो. नाते नाकारलेले असते. तसाच आपला ‘जाण’ हा शब्द. ‘त्याला उपकाराची जाण नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा उपकार केल्याची बातमी त्याच्या कानी गेली नाही असा अर्थ नसतो. बातमी आहे, वागण्यात मात्र ती उतरलेली नाही. हिब्रू ‘यादा’ आपल्या या ‘जाणे’च्या फार जवळचा आहे.

आता बायबलमधली दोन जुनी उदाहरणे घेऊ. मोशे हा इजिप्तच्या राजापुढे, म्हणजे फारोपुढे उभा राहून, वेठबिगारीत विटा पाडणाऱ्या आपल्या लोकांना सोड अशी मागणी देवाच्या नावाने करतो. त्यावर फारो, हा कोण देव, मी त्याला जाणत नाही, अशा अर्थाचे उत्तर देतो. फारोचा मुद्दा अज्ञानाचा नाही. त्या देवाचा हुकूम माझ्यावर चालत नाही, मजूर मी सोडणार नाही, असे तो सांगतो आहे. आणि लगेच तो मजुरांना मिळणारा पेंढा बंद करतो. विटांची संख्या मात्र तेवढीच ठेवतो. देवाला न जाणणे आणि मजुराच्या पाठीवर ओझे वाढवणे या दोन गोष्टी बायबलमध्ये अशा पहिल्यापासून शेजारी शेजारी येतात.

दुसरे उदाहरण याहून बोचरे आहे. शिलो या गावी एली नावाचा वृद्ध याजक होता. त्याचे दोन मुलगेही याजक. लोक यज्ञासाठी जनावर आणीत. ते शिजत असता या मुलांचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन येई आणि पातेल्यात खुपसून जेवढे वर येईल तेवढे उचलून नेई. कधी कधी तर देवाचा भाग वाहण्याआधीच कच्चे मांस मागे. न दिल्यास जबरीने घेईन असा दम भरी. बायबल या दोघांविषयी स्पष्ट सांगते, की ते देवाला ओळखत नव्हते. ते देवळातच वाढले होते, मंत्र त्यांना पाठ होते, पूजेचा विधी त्यांच्याइतका कुणालाच माहीत नव्हता. तरी देव त्यांना ठाऊक नव्हता, कारण देवापुढे आलेल्या गरीब भक्ताला ते लुटत होते.

यानंतर दोन-तीन शतके ओलांडून आपण इसवी सनापूर्वी आठव्या शतकात येऊ. यहुद्यांची तेव्हा दोन राज्ये होती. उत्तरेकडचे इस्राएल, त्याची राजधानी शोमरोन. आणि दक्षिणेकडचे यहूदा, त्याची राजधानी यरुशलेम. उत्तरेत यराबाम दुसरा या राजाची दीर्घ कारकीर्द चालू होती. राज्य वाढले, व्यापार वाढला, पैसा खेळू लागला. विसाव्या शतकात शोमरोनच्या टेकडीवर उत्खनने झाली, त्यांत हस्तिदंती कोरीव कामाचे शेकडो तुकडे निघाले. १९१० मध्ये तिथे शाईने लिहिलेली खापरे सापडली. त्यांवर कुठल्या गावाहून कुणाच्या नावे जुना द्राक्षारस आणि गाळीव तेल आले, याच्या नोंदी आहेत. त्या काळी आमोस नावाचा मेंढपाळ संदेष्टा हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्या श्रीमंतांवर तुटून पडला होता. मातीतून निघालेले हे तुकडे त्याच्या शब्दांना साक्ष देतात.

पण वरच्या मजल्यावर हस्तिदंत आले आणि खाली शेतकऱ्याची जमीन गेली. दुष्काळात काढलेले कर्ज फिटेना, मग शेत गहाण, मग मुलेबाळे गहाण. न्यायाला उभे राहावे तर निवाडा लाच देणाऱ्याच्या बाजूने.

याच राज्यात होशेय नावाचा संदेष्टा झाला. देवाला जाणणे हा शब्द त्याने सगळ्यांहून अधिक आग्रहाने पुढे आणला. त्याची एक मांडणी तर सरळ कोर्टातल्या फिर्यादीसारखी आहे. फिर्यादी देव, आरोपी सारा देश. आरोप काय, तर या देशात खरेपणा राहिला नाही, माया राहिली नाही आणि देवाची जाण राहिली नाही. मग पुरावा म्हणून यादी येते : खोट्या शपथा, लबाडी, खून, चोरी, व्यभिचार. त्या पाठोपाठ जमीन सुकली, रानातली जनावरे आणि समुद्रातले मासेही मरू लागले, असे तो सांगतो. मंदिरात गर्दी कमी झाली हा पुरावा त्याने दिलेला नाही. देवाची जाण गेल्याची खूण तो रस्त्यावर, बाजारात आणि घरात शोधतो.

होशेयने एक हिब्रू शब्द या जाणेच्या जोडीला ठेवला आहे, तो म्हणजे ‘हेसेद’. याचा अर्थ नुसती दया एवढाच नाही. दिलेल्या शब्दाला धरून राहणारी माया, असा तो आहे. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात, त्यात थोडे वात्सल्य मिसळावे, तेव्हा हेसेदचा अंदाज येतो. होशेयच्या मते देवाला होमातली जनावरे नकोत, हेसेद हवी; आणि देवाची जाण त्याला यज्ञाहून मोलाची आहे. ही दोन वाक्ये त्याने एकाला एक लावून ठेवली आहेत. म्हणजे एकाचा अर्थ दुसऱ्यात पाहावा.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. लोक जाणेवाचून नाश पावत आहेत, असे होशेय म्हणतो. पण दोष तो लोकांच्या माथी मारत नाही. दोष तो याजकांना देतो. शिकवण्याचे काम ज्यांचे होते त्यांनीच ती टाकून दिली आणि लोकांच्या पापावर आपले पोट भरले, असा त्याचा आरोप आहे. संकट आल्यावर हेच लोक, देवा, आम्ही तुला ओळखतो, असा आक्रोश करतील, हेही तो सांगतो. तोंडची ओळख मात्र त्या दिवशी कामी येत नाही.

पुढचा इतिहास झपाट्याने घडला. यराबामनंतर सुमारे पंचवीस वर्षांत सहा राजे गादीवर आले. त्यांतले चार खून होऊन गेले. इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या सैन्याने शोमरोन घेतले. अश्शूरचा राजा सर्गोन याने आपल्या शिलालेखात तिथून सत्तावीस हजारांहून अधिक माणसे नेल्याची नोंद केली आहे. उत्तरेचे राज्य संपले.

आता दक्षिणेकडे येऊ. या विषयातला सर्वांत मोठा प्रसंग तिथेच घडला, आणि तो एका बापाचा व मुलाचा आहे.

यहूदाच्या गादीवर इ. स. पूर्व ६४० मध्ये योशिया नावाचा राजा आला, तेव्हा त्याचे वय आठ वर्षांचे होते. त्याच्या कारकीर्दीच्या अठराव्या वर्षी, म्हणजे ६२२ च्या सुमारास, यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी चालू असता नियमशास्त्राची एक गुंडाळी सापडली. ती राजापुढे वाचली गेली. ऐकताच राजाने आपले कपडे फाडले. शोक आणि पश्चात्ताप दाखवण्याची ती त्या लोकांची रीत होती. बायबलमध्ये आज ‘अनुवाद’ नावाचे जे पुस्तक आहे, त्याचा गाभा म्हणजे ही गुंडाळी असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या पुस्तकात पूजाविधीचे नियम आहेतच. पण असेही आहेत, की गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, आणि गरिबाचे पांघरूण तारण म्हणून घेतले असेल तर रात्री ते त्याला परत करावे, म्हणजे तो त्यात निजेल.

हे नियम नुसते कागदावर होते काय? याचे एक विलक्षण उत्तर १९६० मध्ये जमिनीतून वर आले. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याजवळ यावने-याम इथे एका जुन्या गढीत हिब्रूत लिहिलेले एक फुटके खापर सापडले. अक्षरवळणावरून ते योशियाच्या काळाच्या सुमाराचे ठरते. तो आहे एका कापणी करणाऱ्या मजुराचा अर्ज. गढीच्या अधिकाऱ्याला, बहुधा एखाद्या लेखनिकाकडून लिहवून, त्याने आपली हकीकत कळवली आहे. ती अशी : मी कापणी केली, धान्य मोजून कोठारात भरले, काम पुरे केले. तरी शोबायचा मुलगा होशायाहू आला आणि माझे वस्त्र घेऊन गेला. माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे माझे सारे भाऊबंद साक्ष देतील. माझा काही अपराध नाही. माझे वस्त्र मला परत मिळवून द्या.

श्रोतेहो, सव्वीसशे वर्षांपूर्वीच्या या मजुराचे नाव आपल्याला माहीत नाही. त्याला ते वस्त्र परत मिळाले की नाही हेही खापर सांगत नाही. पण एवढे खरे, की अंगावरचे एकुलते पांघरूण गेलेल्या माणसाला, वर दाद लागेल, अशी आशा वाटत होती, आणि त्याने अर्ज केला. राज्यात न्यायाचा भरवसा आहे की नाही, याची परीक्षा अशाच माणसापाशी होते.

योशियाने मोठी धर्मसुधारणा केली. मूर्ती काढल्या, गावोगावची पूजास्थाने मोडली, वल्हांडणाचा सण थाटाने पाळला. ही सुधारणा सौम्य नव्हती. त्यात रक्तही सांडले. बायबलमधल्या राजांच्या ग्रंथाने या सुधारणेचे वर्णन भरभरून केले आहे. पुढे इ. स. पूर्व ६०९ मध्ये इजिप्तचा फारो नखो सैन्य घेऊन उत्तरेकडे निघाला, तेव्हा मगिद्दो इथे योशिया त्याच्या हातून मारला गेला. तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता. चांगला राजा असा अकाली गेला. देवाला ओळखणाऱ्याला यश आणि आयुष्य मिळतेच, असा सोपा हिशेब या इतिहासात बसत नाही, हे इथे नोंदवून ठेवले पाहिजे.

नखोने योशियाचा दुसरा मुलगा गादीवर बसवला आणि त्याचे नाव यहोयाकीम ठेवले. देशावर शंभर किक्कार चांदी आणि एक किक्कार सोने अशी खंडणी लादली. किक्कार म्हणजे सुमारे तीस-पस्तीस किलोंचे वजन. ही रक्कम यहोयाकीमने प्रजेवर कर बसवून वसूल केली. देश असा पिळला जात असता राजाने काय करावे? त्याने स्वतःसाठी नवा वाडा बांधायला काढला. प्रशस्त माड्या, मोठमोठ्या खिडक्या, भिंतींना गंधसरूच्या लाकडाचे तक्ते आणि त्यांवर तांबडा रंग. आणि बांधणाऱ्या गवंड्यांना, सुतारांना, हमालांना मजुरी नाही. सगळी वेठ.

यरुशलेम आणि बेथलेहेम यांच्या दरम्यान रामात राहेल नावाची जागा आहे. १९५४ मध्ये आणि पुढे १९५९ ते १९६२ या काळात तिथे उत्खनन झाले. एका राजवाड्याचे अवशेष निघाले. खिडकीच्या कठड्याचे चुनखडीचे छोटे कोरीव खांब निघाले, आणि त्यांवर तांबड्या रंगाच्या खुणा होत्या. उत्खनन करणारे योहानन अहारोनी यांनी, हाच यहोयाकीमचा वाडा, असा तर्क केला. २००५ नंतर तिथे पुन्हा काम झाले आणि ती वास्तू आधीच्या काळातली, कारभाराचे ठाणे असलेली, असे मत पुढे आले. पण त्या काळच्या राजेशाही खिडक्या कशा असत, हे त्या खांबांवरून डोळ्यांपुढे उभे राहते.

या वाड्यापुढे यिर्मया नावाचा संदेष्टा उभा राहिला. तो अनाथोथ नावाच्या खेड्यातला, याजकाच्या घरातला. योशियाची कारकीर्द त्याने डोळ्यांनी पाहिली होती. राजाला तो विचारतो, गंधसरूच्या लाकडात इतरांहून वरचढ झालास म्हणून तू राजा ठरतोस काय? तुझा बापही खात-पीत होताच की! म्हणजे योशियाने काही राख फासून वनवास पत्करला नव्हता. तो राजासारखाच राहिला. पण त्याने न्यायाने राज्य केले. दीनदुबळ्यांची फिर्याद त्याने मनावर घेतली आणि त्यांना न्याय दिला, तेव्हा सगळे बरे चालले. आणि मग देवाच्या नावाने यिर्मया एक प्रश्न विचारतो, त्याचा आशय असा : मला ओळखणे म्हणजे हेच नव्हे काय?

हा प्रश्न नीट तोलून पाहावा. योशियाच्या नावावर केवढी धर्मकृत्ये जमा होती! मंदिराची दुरुस्ती, ग्रंथाचा शोध, मूर्तींचा नाश, मोठा सण. योशियाला देव माहीत होता हे सांगताना यिर्मयाने यांतल्या एकाचाही उल्लेख केलेला नाही. त्याने एकच गोष्ट सांगितली : गरिबाची फिर्याद. शिवाय, गरिबाला न्याय दिला तर बक्षीस म्हणून देवाची ओळख होईल, असेही तो म्हणत नाही. न्याय देणे हेच ओळखणे, असे तो म्हणतो. बायबलमध्ये देवाला ओळखण्याची इतकी उघड व्याख्या क्वचितच सापडते. आणि ती केली कुठे, तर मजुरी बुडवून बांधल्या जाणाऱ्या वाड्याच्या दारात.

यहोयाकीमवर याचा परिणाम काय झाला? इ. स. पूर्व ६०४ च्या हिवाळ्यात यिर्मयाने सांगून आणि बारूख नावाच्या लेखनिकाने लिहून तयार केलेली गुंडाळी राजापुढे वाचली गेली. राजा शेगडीजवळ शेकत बसला होता. तीन-चार रकाने वाचून झाले, की तो लेखनिकाच्या चाकूने तेवढा तुकडा कापी आणि शेगडीत टाकी. असे करता करता सगळी गुंडाळी जळून गेली. बापाने गुंडाळी ऐकून आपले कपडे फाडले होते. मुलाने गुंडाळीच फाडली. हिब्रूत दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. यिर्मयाने पुढे काय केले? त्याने बारूखला बसवून सगळे पुन्हा लिहवून घेतले आणि आणखी मजकूर घातला. त्यामुळेच ही हकीकत आज आपल्यापर्यंत पोचली.

इ. स. पूर्व ५९८ मध्ये यहोयाकीम मेला. पुढच्याच वर्षी बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम घेतले. या स्वारीची नोंद बाबेलच्या मातीच्या पाटीवर सापडली असून ती १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी शहर आणि मंदिर दोन्ही जाळली गेली आणि लोकांना बंदी करून बाबेलला नेले.

आता मंदिर नाही, यज्ञ नाही, राजा नाही. मग देवाची ओळख कशी टिकायची? यिर्मयाच्या ग्रंथातच याचे उत्तर आहे. असा एक दिवस येईल, की देवाचे नियम दगडावर किंवा गुंडाळीवर नव्हे, तर माणसाच्या हृदयावर लिहिले जातील. मग कुणी शेजाऱ्याला, देवाला ओळख, असे शिकवायची गरज राहणार नाही. लहानापासून थोरापर्यंत सगळेच त्याला ओळखतील. शिक्षकाचे काम संपावे हीच ज्याची आशा, असा हा शिक्षक होता! आणि क्रम पाहा : आधी लहान, मग थोर. जी ओळख एली याजकाच्या मुलांना साधली नाही, यहोयाकीम राजाला साधली नाही, ती साध्या माणसाला साधेल, असा त्याला विश्वास वाटत होता.

यानंतरची वाटचाल थोडक्यात सांगतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात हिब्रू ग्रंथांची ग्रीक भाषांतरे होऊ लागली. ग्रीक विचारवंतांमध्ये ज्ञान म्हणजे मनाच्या डोळ्याने सत्य पाहणे, अशी समजूत मोठी होती. तेव्हा हिब्रू ‘यादा’ ग्रीक अंगरख्यात शिरला, की त्यातले नाते गळून नुसती माहिती उरण्याचा धोका होता. ख्रिस्ती लोकांचा नवा करार इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीकमध्येच लिहिला गेला. पण लिहिणाऱ्यांनी जुना अर्थ सोडला नाही. इ. स. ५५ च्या सुमारास पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिले. तिथे काही जण आपल्या ज्ञानाचा तोरा मिरवीत आणि दुबळ्या मनाच्या सोबत्यांना तुच्छ लेखीत. पौल त्यांना बजावतो, की ज्ञान माणसाला फुगवते, प्रीती उभारते. त्याही पुढे जाऊन तो वाक्याची दिशाच फिरवतो : तुम्ही देवाला ओळखता की नाही यापेक्षा, देवाने तुम्हाला आपले म्हणून ओळखले आहे, ही गोष्ट मोठी. योहानाच्या नावाने असलेल्या पत्रात तर, जो प्रीती करत नाही त्याला देव कळलेलाच नाही, असे स्वच्छ सांगितले आहे. भावाला गरजेत पाहून जो मनाचे दार लावून घेतो, त्याच्यापाशी देवाची प्रीती कशी राहील, असाही प्रश्न त्यात आहे. यिर्मयाने राजाला विचारलेला प्रश्न आता प्रत्येक साध्या माणसापुढे आला.

या इतिहासाचा आपल्या महाराष्ट्राशीही धागा आहे. कोकणच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल हा यहुदी समाज शतकानुशतके राहिला. घाण्यावर तेल काढणे हा त्यांतल्या पुष्कळांचा धंदा. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली हे नाव पडले. हिब्रू ग्रंथांशी त्यांचा संबंध पुष्कळ काळ तुटला होता. तरी आठवड्यातून एक दिवस माणसाला आणि बैलाला विसावा द्यायचा, हा मोशेच्या नियमशास्त्रातला नियम त्यांच्या वागण्यात शिल्लक होता. पोथी हातची गेली, तरी ओळख वागण्यात टिकते, याचे हे घरचे उदाहरण.

दुसरा धागा पंडिता रमाबाईंचा. संस्कृत विद्येसाठी १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या होत्या. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांनी मुक्तिसदन उभारले आणि दुष्काळात सापडलेल्या, टाकून दिलेल्या बायकामुलींना तिथे आसरा दिला. तिथेच, वय उतरणीला लागलेले असता, त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून सगळ्या बायबलचे मराठी भाषांतर केले. पंडितांना आवडावी अशी भाषा त्यांना सहज लिहिता आली असती. त्यांनी मुद्दाम अल्पशिक्षित बाईला कळेल अशी सोपी मराठी धरली. १९२२ मध्ये त्या गेल्या. त्यांचे बायबल १९२४ मध्ये मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून पुरे बाहेर पडले. विद्या किती मोठी यापेक्षा ती कुणाच्या दारापर्यंत पोचते, ही कसोटी त्यांनी आपल्या कामाला लावलेली दिसते.

श्रोतेहो, आपला धर्म कोणताही असो, किंवा कुणी धर्म न मानणारा असो, या जुन्या शब्दाच्या इतिहासातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. जाणणे आणि माहीत असणे यांत अंतर आहे, हे वर्गात शिकवणाऱ्याला रोज दिसते. मुलाला धडा पाठ असतो, पण शेजारच्या बाकावर उपाशी आलेला सोबती त्याच्या ध्यानात येत नाही. तेव्हा धडा अजून पोचलेला नाही, असे समजावे. संदेष्ट्यांनी देवाच्या बाबतीत हेच म्हटले. किती पाठ आहे, किती जनावरे वाहिली, मंदिर केवढे बांधले, हे त्यांनी विचारले नाही. त्यांनी विचारले, की मजुराची मजुरी दिवस मावळायच्या आत दिली काय? गरिबाचे पांघरूण रात्री त्याला परत गेले काय? त्याची फिर्याद कुणी ऐकली काय? या प्रश्नांना जो आपल्या वागण्याने उत्तर देतो, त्याने देवाला ओळखले, असे यिर्मया म्हणतो. मग तो राजा असो की खळ्यावरचा मुकादम.